बार जमिनीवर असतानाच

आषाढ लागला की आमच्या बेळगावात मैदानांचा चिखल होतो, रनिंग बंद पडतं आणि सगळी पोरं व्यायामशाळेत घुसून बारच्या मागं लागतात. या सदराकडे येणाऱ्या पत्रांवरनंही ते लगेच कळतं. या वेळी डेडलिफ्टचीच, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायच्या व्यायामाची, पत्रं एवढी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही. नव्या वाचकांसाठी माझी ओळख इतकीच: वडगावात, पूर्वी जिथं माग चालत होते त्या शेडमध्ये, 26 वर्षं व्यायामशाळा चालवतोय. मी डॉक्टर नाही. बार उचलणाऱ्या माणसांकडं बघत बसणं हा माझा धंदा.

प्रश्न : मी उद्यमबागेत सीएनसीवर कामाला आहे. वय 24, वजन 76 किलो. दोन वर्षं जिम करालोय. डेडलिफ्ट 130 वर अडकलीय ती दिवाळीपासून हलेना. वजन वाढवलं की आधी कंबरच वर येते आणि मग पाठीनं ओढून काढावं लागतं. दुसऱ्या दिवशी मशीनसमोर उभं राहवत नाही. जिममधले सगळे सांगालेत, 'खाली बस, अजून खाली बस.' बसालोय की! तरी तेच. व्हिडिओ पाठवलाय, बघून सांगा.

उत्तर : व्हिडिओ चार वेळा बघितला. शेवटच्या वेळी आवाज बंद करून, कारण मागनं तुझे मित्र 'खाली बस' म्हणून इतके ओरडत होते की मलाही ते पटायला लागलं होतं.

कंबर आधी वर येते म्हणतोस. येणारच. बारला हात घातल्यावर तू मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत बसतोस, स्क्वॉट मारल्यासारखा, आणि मग जोर लावतोस. नेमका तिथं व्हिडिओ थांबवून बघ. तुझी कंबर चार बोटं वर गेलीय आणि प्लेट जमिनीवरनं कागदभरही सुटलेली नाही. म्हणजे त्या चार बोटांत तू केलीस ती नुसती अर्धी बैठक. इतकं खाली बसल्यावर गुडघे बारच्या वाटेत येतात, खांदे बारच्या मागं जातात, आणि तिथनं वजन सुटत नाही हे तुला नसलं तरी तुझ्या अंगाला कळतं. म्हणून ते आधी आपली जागा पकडतं आणि मग उचलतं. पण तोवर श्वास सुटलेला असतो, पाठ सैल पडलेली असते, बार पुढं गेलेला असतो. तेव्हा 'अजून खाली बस' म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, तुझा आजार तोच आहे.

दुसरी गोष्ट तुझ्या बुटांकडं बघताना दिसली. बार तुझ्या पायाच्या बोटांवर आहे. नडगी आणि बार यांच्यात मूठ मावेल एवढी फट. तू मशीनवरचा माणूस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल: भोक कापायचा बोरिंग बार होल्डरमधनं जितका लांब बाहेर काढशील तितका थरथरतो. टूल तेच, कट तोच, पण ओव्हरहँग, म्हणजे बाहेर निघालेली लांबी, वाढला की कापायच्या जॉबवर लाटा उठतात. इथंही तसंच. वजन 130 च आहे, पण ते कमरेच्या सांध्यापासून जितकं पुढं धरशील तितकं पाठीला जड. तुझी पाठ कमजोर नाही बघ, तू तिला लांबनं काम करायला लावतोस.

आता उभं कसं राहायचं ते सांगतो. वरनं बघितलं की बार बुटाच्या नाडीच्या गाठीवर दिसला पाहिजे, म्हणजे पावलाच्या बरोब्बर मध्यावर. पाय कमरेएवढेच उघड; जागच्या जागी उंच उडी मारायची झाली तर जसा उभा राहशील तसा. मग बार न हलवता, गुडघे जवळजवळ सरळ ठेवून, ढुंगण मागं नेत वाक आणि पायांच्या लगेच बाहेर बार पकड. त्यानंतर गुडघे पुढं आण, नडगी बारला टेकेपर्यंतच. टेकली की थांब. सगळे फसतात ते इथं. नडगी टेकल्यावरही बसत राहतात, आणि नडगीच बारला पुढं ढकलते. कंबर आता जिथं आहे तीच तिची जागा. गुडघ्याच्या वर, खांद्याच्या खाली. तुला ती फार उंच वाटेल, मांडीच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या वाटतील. वाटू देत. छाती उचल, आणि काखेत वर्तमानपत्राची घडी धरल्यासारखे दंड अंगाशी आवळ. त्यानं पाठीचे पंख, म्हणजे काखेखालचे रुंद स्नायू, कामाला लागतात आणि बार अंगापासून लांब जात नाही.

एवढं झाल्यावरही लगेच उचलायचं नाही. मशीनचा बॅकलॅश, म्हणजे ढिलाई, काढल्याशिवाय तू माप घेतोस का? बारची बाही, म्हणजे टोकाचा प्लेट बसते तो भाग, आणि प्लेटचं भोक यांच्यात थोडी मोकळीक असते, शिवाय बार स्वतः जरा वाकतो. श्वास भरून पोट चारी बाजूंनी फुगव, पुढं, मागं, बगलेला, आणि हळूहळू बारवर भार घे. बाही भोकाच्या वरच्या कडेला लागली की 'टिक' असा बारीक आवाज येतो. तो ऐकू आला की तुझे हात, पाठ, पाय आणि बार यांच्यातली ढिलाई संपली. मग पायांनी जमीन खाली ढकल. बार ओढायचा विचारच डोक्यात आणू नकोस. माझ्याकडं टिक ऐकू आल्याशिवाय उचललं तर मी ती रेप, म्हणजे ती एक उचल, मोजत नाही. पोरं सुरुवातीला वैतागतात.

130 आता विसर. 90 लाव. आठवड्यातनं दोनदा, तीन-तीन रेप्सचे 5 सेट, आणि प्रत्येक वेळी प्लेट जमिनीपासून दोन बोटं सुटली की तिथंच थांबून दोन आकडे मोज, मग वर जा. तिथं थांबून राहायचं म्हणजे कमरेला आधी उडी मारता येत नाही. प्रत्येक रेप नव्यानं लाव, प्लेट आपटून टप्प्यावर उचलू नको. आठवड्याला अडीच किलो वाढव. पाच-सहा आठवड्यांनी थांबणं बंद करून बघ, 130 कुठं बसतात ते. आणि ते जाड स्पंजाचे रनिंग बूट काढ. गादीवर उभं राहून कुणी पोतं उचलतं का? सपाट कापडी बूट चालतील.

नाइट शिफ्ट सुटल्यावर सरळ बारवर येऊ नकोस. झोप आधी.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. वय 42. गॅसचा सिलिंडर सरकवताना दोनदा कंबर धरली. डॉक्टरांनी तपासून काही विशेष नाही, वजन उचलायचा व्यायाम सुरू करा असं सांगितलं. तालुक्याच्या जिममध्ये 15 किलोच्या बारला दोन्हीकडं अडीच-अडीचच्या चकत्या लावून डेडलिफ्ट शिकतेय. एवढ्याशा वजनालाही माझी पाठ गोल होते. शिकवणारा मुलगा 'पाठ सरळ, मॅडम' एवढंच म्हणतो. सासूबाई म्हणतात, बाईनं वजन उचललं की अंग बाहेर येतं. काय खरं मानू?

उत्तर : मॅडम, दोष पाठीचा नाही, चकतीचा आहे. स्पर्धेतली मोठी प्लेट 45 सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. आपली एक वीत. डेडलिफ्ट शिकवताना जी काही मापं सांगतात ती सगळी त्या एका विताला धरून. तुमची अडीच किलोची चकती तळहातापेक्षा थोडीच मोठी, त्यामुळं तुमचा बार चार-पाच बोटांवर पडलेला. जगातल्या बलदंड पुरुषापेक्षा तुम्हाला जास्त वाकावं लागतंय, आणि वर तुम्हीच चुकताय असं तुम्हाला ऐकवलं जातंय. नवीन बायकांच्या आणि शाळकरी मुलांच्या बाबतीत हे जिथंतिथं होतं, आणि शिकवणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो स्वतः मोठ्या प्लेटवर शिकलेला असतो.

उपाय सोपा आहे. सुताराकडनं लाकडाचे दोन ठोकळे करून घ्या. चकती 20 सेंटिमीटर व्यासाची असेल तर ठोकळा साडेबारा उंच. वर दोन्ही कडांना पट्ट्या ठोकायला सांगा, चकती घरंगळू नये म्हणून. खानापूरला लाकूडही मिळतं आणि सुतारही. विटा मात्र नकोत. तुमच्या भागात कौलं-विटा चांगल्या निघतात हे माहीत आहे, पण वीट फुटली तर बार पायावर येईल.

आता वाकणं. शाळेतली 1 मीटरची लाकडी पट्टी घ्या, एका हातानं मानेमागनं आणि दुसऱ्या हातानं कमरेमागनं पाठीवर उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्हीकडं ती टेकली पाहिजे. भिंतीकडं पाठ करून पाऊलभर पुढं उभ्या राहा आणि ढुंगणानं भिंत शिवायचा प्रयत्न करा, गुडघे जरासे सैल. पट्टी तीनपैकी एका ठिकाणीही सुटली तर तिथनं परत वर. रोज 10 वेळा, वजन न घेता. सातवीतल्या एखाद्या मुलीला बाजूला उभं करून पट्टी सुटते का ते बघायला सांगा. मुलं असल्या कामात अजिबात दयामाया दाखवत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. बाळंतपणानंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेले असतात, त्या अवस्थेत श्वास कोंडून एकदम भारी वजन उचललं तर त्रास वाढू शकतो. खाली जडपणा वाटत असेल, काहीतरी उतरल्यासारखं वाटत असेल, खोकताना-उचलताना लघवी निसटत असेल, तर बार बाजूला ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. यातलं काही नसेल तर हलक्यापासून हळूहळू वाढवत, उचलताना श्वास सोडत व्यायाम करायला हरकत नाही. आणि सासूबाईंना एकदा विचारा, त्यांच्या काळात विहिरीवरनं डोईवर एक, कडेवर एक अशा घागरी कोण आणत होतं. भांडायला नव्हे, गप्पा म्हणून विचारा.

सिलिंडरबद्दल: आत 14.2 किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, म्हणजे भरलेला 29-30 किलोचा. लांबनं, एका हातानं, कंबर पिळून ओढला की कंबर धरणारच. तो दोन्ही पायांच्या मध्ये घ्या, दोन्ही हातांनी कडं धरा. ठोकळ्यावरचा तुमचा बार 30 किलोवर गेला की सिलिंडरची भीती आपोआप जाईल.

प्रश्न : बेल्ट किती किलोपासून लावायचा? — चिकोडी

उत्तर : किलोवर ठरत नाही. बेल्टशिवाय श्वास भरून पोट कसं फुगवायचं ते आधी आलं पाहिजे. बेल्ट पाठीला टेकू देतो हा गैरसमज आहे. तो पोटाला दाबायला भिंत देतो. पोट दाबताच येत नसेल तर ती भिंत काय कामाची? 10 सेंटिमीटर रुंदीचा, चहूकडं सारखा रुंद असा घे. मागं रुंद आणि पुढं निमुळता तो नको, दाबायचं तर पुढंही आहे.

प्रश्न : पाय फाकवून सुमो डेडलिफ्ट मारणं म्हणजे फसवणूक का? आमच्यात यावरनं भांडणं होतात. — गोकाक

उत्तर : पॉवरलिफ्टिंगच्या नियमात दोन्ही चालतात. भांडण मिटलं.

प्रश्न : मी जुना पैलवान. वय 67. आमच्या वस्तादांनी जोर, बैठका, दोर आणि करेल यांच्यावर पोरं घडवली. आता माझा नातू तालमीतनं सुटला की जिममध्ये जाऊन हा तुमचा बार उचलतो. त्यानं अंग आखडतं असं माझं मत. जत्रेत आम्ही गुंड उचलले, ते पाठ वाकवूनच उचलले, कुणाची कंबर मोडली नाही. तुम्ही लोक 'पाठ सरळ, पाठ सरळ' करून पोरांना घाबरवताय.

उत्तर : वस्ताद, रामराम. पत्र दोनदा वाचलं. निम्मं पटलं.

आधी न पटलेलं सांगतो. गुंड हा गोल दगड. त्याला कड नाही, मूठ नाही, त्याच्याखाली हात घालून त्याला कवेत घ्यायचा तर पाठ वाकवावीच लागते. बार तसा नाही. तो नडगीला घासून वर येतो, म्हणून पाठ वाकवायची गरजच पडत नाही. आणि तुम्ही एकदम मोठ्या गुंडाला हात घातला नसणार. लहानपणापासनं एकेक आकार चढत गेला असाल. कुणाची मोडली नाही म्हणता, त्याचं काय आहे, ज्याची मोडली तो पुढच्या जत्रेला उचलायला आलाच नाही, म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर नाही.

आता पटलेलं. आम्ही पोरांना घाबरवतो हे खरं. 'पाठ सरळ' ऐकून ऐकून काही पोरं छाती इतकी पुढं काढतात की कमरेत खोबण पडते, तेही चुकीचंच. मोठमोठ्या लिफ्टरांची पाठ वरच्या बाजूला, खांद्यांपाशी, थोडी गोल दिसते आणि त्यात काही बिघडत नाही. बघायचं ते एवढंच की बार जमिनीवर असताना कमरेचा जो आकार होता तो वर जाईपर्यंत बदलता कामा नये. वजन अंगावर असताना कंबर उघडत-मिटत गेली की धोका.

मी स्वतः मातीतलाच. तालमीत गेलो तेव्हा वस्तादांनी पहिले तीन महिने कुस्ती दाखवली नाही, फावडं हातात दिलं. हौद्यातली माती खणायची, ढेकळं फोडायची, ताक-हळद-तेल घालून कालवायची, परत सारखी करायची. खणताना पाठ वाकली की मागनं ओल्या मातीचा गोळा पाठीवर बसायचा आणि वस्ताद म्हणायचे, "कमरेत मोड रं, पाठीत नको." डेडलिफ्टवर मी गेल्या 26 वर्षांत जे काही शिकवलं ते सगळं त्या चार शब्दांत आलं. तेव्हा नातवाला हौदा खणायला लावा, आणि बारही उचलू द्या. त्याचं अंग आखडणार नाही. बार पूर्ण खालपासनं पूर्ण वरपर्यंत नेला की मांडीच्या मागच्या शिरा उलट मोकळ्या राहतात. पट काढून, म्हणजे पाय धरून, समोरच्याला उचलायचं तर ताकद याच जागेतनं येते, ते तुम्हाला मी काय सांगावं. फक्त आठवड्यातनं एकदाच, पाचाच्या वर रेप्स नाहीत, आणि कुस्तीचं मैदान जवळ आलं की आठवडाभर आधी बंद.

प्रश्न : पावसाळा आला की माझी डेडलिफ्ट 20 किलोनं खाली येते. पाठ उचलते, पाय उचलतात, पण हातातनं बार सुटतो. 140 ला तर बोटं उघडतातच. पावडर लावून बघितली, जास्तच घसरतो. मित्र म्हणालेत एक हात उलटा कर. — निपाणी

उत्तर : कसली पावडर? अंगाला लावायची असेल तर घसरणारच, ती घसरण्यासाठीच असते. स्पर्धेत लिफ्टर ती मांड्यांना लावतात, बार मांडीवर अडकू नये म्हणून, आणि हाताला लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. हाताला लागतो तो चॉक, मॅग्नेशियम कार्बोनेट, खेळाच्या सामानाच्या दुकानात पांढरा ठोकळा मिळतो. थोडासाच चोळायचा, फुंकून जादाचा उडवायचा. आधी हात आणि बार कोरड्या फडक्यानं पुसून घे. पावसात बारच्या खाचांत घाम, गंज आणि जुना चॉक यांचं लुकण होतं. तारेच्या ब्रशनं महिन्यातनं एकदा घास. माझ्याकडं हे काम उशिरा येणाऱ्याला असतं.

त्यानंतर पकड. बार तळहाताच्या मध्यावर घेतोस ना? उचलताना तो बोटांकडं घरंगळतो आणि जाताना कातडीची वळी चिमटत नेतो, म्हणून तुझे घट्टे सोलत असणार. सुरुवातीलाच बार बोटांच्या मुळाशी घे, जिथं तो शेवटी येऊन थांबणारच आहे तिथं.

एक हात उलटा केला की बार फिरत नाही, म्हणून पकड टिकते. पण उलट्या हाताच्या दंडाची शिर कोपराजवळ तुटल्याची उदाहरणं आहेत, आणि ती बहुतेक वेळा कोपर वाकवून बार हिसकल्यानं. तेव्हा हात दोरीसारखे सरळ, हिसका नाही, आणि उलटा हात सेटनुसार बदलत जा, नाहीतर एक खांदा वेगळाच दिसायला लागतो. हलक्या सेटला दोन्ही हात सुलटेच. हुक ग्रिप म्हणजे अंगठा आत, वरनं बोटं. पहिले तीन आठवडे अंगठा शिव्या देतो, नंतर गप्प बसतो. मनगटाला बांधून बारला गुंडाळायचे पट्टे वापरायचे तर सरावाच्या शेवटच्या सेटला. ब्रिटनच्या एडी हॉलनं 2016 साली 500 किलो उचलले ते पट्टे बांधूनच, पण ती स्ट्राँगमनची स्पर्धा होती. पॉवरलिफ्टिंगच्या मंचावर पट्टे चालत नाहीत, तिथं तुझ्याकडं दहा बोटं आणि चॉक.

प्रश्न : मी हंगामात ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो, बाकी वेळ शेती. वय 34. तीन आठवड्यांपूर्वी डेडलिफ्ट मारताना कमरेत चमक आली. आता कळ डाव्या पायात, पोटरीपर्यंत उतरते. शिंकलं की वीज चमकल्यासारखी. मित्र म्हणतो हलक्या वजनानं मारत राहा, मोकळं होईल. फॉर्म कसा सुधारू? — संकेश्वरकडचा वाचक

उत्तर : फॉर्मचा प्रश्न नंतर. तूर्त डेडलिफ्ट बंद, आणि या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कळ गुडघ्याच्या खाली उतरते आणि शिंकल्यावर वाढते म्हणजे नस दबत असण्याची शंका घ्यायला हवी, ती शंका पत्रानं फिटत नाही. आणि पाऊल उचलताना लटकं पडायला लागलं, लघवी-शौचाचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असली तरी गाडी काढून मोठं हॉस्पिटल गाठायचं. हे तीन मुद्दे कापून भिंतीवर लावा.

मित्रावर रागावू नका. 1997 साली मलाही असाच एक मित्र होता. गणेशोत्सवात गल्लीतल्या मंडळापुढं शक्तिप्रदर्शन होतं. मी पंचविशीतला, दोन रात्री जागलेला. 170 किलो लावले. रस्ता जरा उताराचा, बार माझ्या हातांखालनं दोन इंच पुढं सरकला. मी बघितला सरकताना. पाय पुढं घेऊन परत उभं राहायला तीन सेकंद लागले असते. पण ताशा चालू होता, माणसं बघत होती, मी तसाच हिसका मारला. दोन रेप निघाल्या. तिसरीला कमरेत ओलं कापड फाटल्यासारखं झालं आणि मी बार सोडून गुडघ्यांवर बसलो. लोकांना वाटलं गणपतीला नमस्कार करतोय. टाळ्या वाजल्या.

सात महिने आई मला मोजे घालायची. ज्या डॉक्टरांकडं पहिल्यांदा गेलो ते म्हणाले आता आयुष्यात वाकायचं नाही. मी ते वर्षभर पाळलं आणि त्यानं कंबर आणखी आखडली, भीती तर इतकी बसली की खाली पडलेलं नाणं सोडून द्यायचो. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी तपासून, चालणं वाढवायला सांगितलं. मग परसातली रिकामी बादली उचलायची, ठेवायची. ती निमूट उचलली गेली की आत एक तांब्या पाणी. चार दिवसांनी आणखी एक. भरलेली बादली दुखल्याशिवाय उचलायला मला पाच महिने लागले, आणि बारला हात लावायला त्यानंतर आणखी तीन. तुम्हाला कदाचित एवढे लागणार नाहीत. डॉक्टरांनी मोकळीक दिली की लिहा, कुठनं सुरू करायचं ते ठरवू. तोवर ट्रॅक्टरच्या सीटवर सलग तास-दीड तासापेक्षा जास्त बसू नका, उतरून चार पावलं चाला.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र शहापुरात पहिल्या मजल्यावर बार ठेवून व्यायाम करतो. घरमालक खाली राहतात. बार टेकला की त्यांच्या छताचे पोपडे पडतात म्हणालेत. शिवाय खाली आणताना बार माझ्या गुडघ्यांना लागतो. जागा सोडायला लागेल असं दिसतंय.

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही बार खाली आणताना आधी गुडघे वाकवता. गुडघे पुढं आले की बार त्यांच्यावर आदळतो, त्यांना वळसा घालून पुढं जातो, आणि पुढं गेलेला बार सावरता येत नाही म्हणून हातातनं सोडला जातो. उतरताना पहिलं ढुंगण मागं न्या, बार मांडीला घासत खाली येऊ दे. गुडघ्याच्या खाली गेला की मगच गुडघे वाकवा. वर जाताना जी वाट होती तीच उलटी. स्पर्धेतही पंचांनी 'डाउन' म्हटल्यावर बार दोन्ही हातांत धरून खाली न्यावा लागतो, वरनं सोडला तर लिफ्ट बाद.

घर स्लॅबचं आहे की जुनी माडी? लाकडी तक्तपोशीची माडी असेल तर डेडलिफ्ट तिथं नकोच, खाली परसात चला. स्लॅब असेल तर खोलीच्या मध्यावर उचलू नका, भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथं जागा करा. एखाद्या जाणत्या इंजिनिअरला एकदा दाखवून घ्या. प्लेटांखाली रबर हवं. साखर कारखान्यांतनं निघालेल्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे भंगारवाल्यांकडं मिळतात, बोटभर जाड, मॅटपेक्षा स्वस्त. दोन थर घाला, मध्ये प्लायवूड. तरी आवाज येईलच, म्हणून रात्री आठनंतर मारू नका, मालक जेवायला बसलेले असतात. आणि पोपडे पडलेत ते तुम्ही तिघांनी जाऊन भरून द्या. चुना-पुट्टी फार महाग नाही.